कडू लागायची वाट

जी चव मला जन्मात कधी लागलीच नव्हती, ती परत येण्याची मी पाच महिने वाट पाहिली. ती येईना, म्हणून चालता धंदा बंद करायला निघालो.

हे आधीच सांगून टाकलं, कारण मी नाही सांगितलं तर घरातलं कुणीतरी सांगणारच. घशाच्या नाहीतर तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेऊन जे घरी येऊन बसलेत, समोर ताट आणि तोंडात पुठ्ठा अशी ज्यांची गत झालीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं मला पाठ नाहीत, ती तुमच्या फायलीत आहेत. फायलीत जे नसतं तेवढंच माझ्याकडे आहे.

पनवेलच्या बाजारामागच्या गल्लीत माझा मसाला कुटायचा डंक आहे. फेब्रुवारी ते मे आमचा सीझन. बाया मिरच्या उन्हात खडखडीत वाळवून, गरम मसाला घरी भाजून डब्यांतून आणतात आणि आपला मसाला कुटून हातात पडेपर्यंत बाकड्यावरून हलत नाहीत. दुसरीची मिरची आपल्यात मिसळली तर वर्षभराची चव गेली, म्हणून नवऱ्यापेक्षा जास्त लक्ष मशीनवर. मशीनशेजारी माझं स्टूल. पहिला घाणा निघाला की मी चिमूटभर मसाला डाव्या तळहातावर घेतो, जिभेच्या टोकाला लावतो, डोळे मिटतो, आणि काय कमी पडलं, काय जास्त झालं ते सांगतो. बाया मान डोलावतात. अठ्ठावीस वर्षं हे चाललंय.

ही जीभ वडलांकडून आली, असं मी ज्याला त्याला सांगत असे. वडील उरणकडच्या मिठागरात होते. वाफ्यात मीठ धरलं की वर जे पाणी उरतं ते कडू असतं. ते वेळेवर सोडून दिलं नाही तर मीठही कडवट होतं. सोडायची वेळ वडील बोट बुडवून, चाटून ठरवायचे. ते बोट चाटत असताना आख्खं आगर गप्प उभं राहायचं. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. मलाही बोट बुडवायला द्यायचे आणि विचारायचे, "काय बोलतं पाणी?" मी त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायचो.

आता मिठागराच्या जागी कंटेनर उभे आहेत. राहिली होती ती जीभ, आणि ती माझ्याकडे आहे असा माझा समज.

मानेतली सुपारी

जुलैमध्ये मानेच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. दाढ धरली असणार, असं मीच ठरवलं आणि दोन महिने लवंगेचं तेल लावलं. दाढ ठणठणीत होती. लवंगेच्या तेलाचा मी गल्लीत इतका प्रचार केला की समोरचा कापडवालाही लावायला लागला. त्याला तर काहीच झालेलं नव्हतं.

शेवटी मुलीनं हाताला धरून नेलं. मुक्ता माझी एकुलती एक, खारघरला ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं होतो, मी, ती आणि माझी बायको कुंदा. डॉक्टर म्हणाले, टॉन्सिलचा कॅन्सर आहे, बरा होण्यातला आहे, पण लगेच सुरू करायचं.

मी म्हटलं, "टॉन्सिल लहान मुलांचे वाढतात ना? मी अठ्ठावन्नचा आहे."

डॉक्टर म्हणाले, "टॉन्सिलना तुमचं वय माहीत नाही."

मग मी विचारलं, मसाल्यानं झालं का. नाही म्हणाले. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी हसलो, आणि माझं हसणं बघून कुंदाला रडू फुटलं. तिच्या मांडीवर फाइल होती, उलटी धरलेली. ती सरळ करून द्यावी असं फार वाटलं, पण हात उचलला नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. रेडिएशन सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी कुंदानं विचारलं होतं, "काय करू जेवायला? सांगा ना, काय खावंसं वाटतंय?"

मी मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणालो, "कर काहीही."

तिनं काय केलं होतं? मला आठवत नाही. तिला आठवतं, पण ती सांगत नाही. चवीनं जेवायची ती शेवटची वेळ होती आणि मी ती बघितलीसुद्धा नाही. तुमचं अजून सुरू व्हायचं असेल तर हा एक सल्ला घ्या. काय खायचं ते नाव घेऊन सांगा, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

जाळीचा मुखवटा

रेडिएशनसाठी तोंडाच्या मापाचा प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा करतात. गरम असताना चेहऱ्यावर दाबतात, गार झाला की घट्ट होतो. रोज तो घालून टेबलाला स्क्रूनं आवळतात, म्हणजे मान हलायला नको. मी टेक्निशियनला म्हटलं, मिशीला जरा जागा ठेवा. तो म्हणाला, "काका, तिसऱ्या आठवड्यात मिशी असेल तर ठेवू." खरंच नव्हती. डावीकडची अर्धी गेली, उजवीकडची अर्धी राहिली. काढून टाक म्हणून कुंदा मागे लागली. मी आठ दिवस अर्ध्या मिशीनं फिरलो.

बाहेरच्या बाकांवर आम्ही सगळे घशावाले, जिभेवाले, गालावाले. तिथे कुणी आजारावर बोलत नाही. तिथे बोलतात फक्त खाण्यावर. एकाला आईस्क्रीमही जळजळतं, पण तो मटणाचं आळण कसं हवं यावर अर्धा तास बोलू शकतो. ओवे गावच्या एका आजी होत्या, नाकातून नळी घातलेल्या. त्या रोज एक कालवण तोंडी शिजवायच्या. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, फोडण्यापासून सुरुवात. वाटण पाट्यावर हवं, मिक्सरचं नको. आंबट काय, तर कैरी. मी मध्येच म्हटलं, "आजी, कोकम नाही?" तर नळी सावरत म्हणाल्या, "चिंबोरीला कोकम? तुज्या घरची काय बोलत नाय तुला?" बाकावरची सगळी माणसं गिळता येत नसताना हसली. त्या बाकावर मी जितका जेवलो तितका घरी जेवलो नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहा बेचव लागला. मी ओरडलो, "साखर विसरलीस." कुंदानं एक चमचा घातला. मग अजून एक. पाचव्या चमच्याला ती थांबली आणि डबा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग दोघांनाही कळलं.

बंद खिडकीतले बोंबील

वास जात नाही, हे कुणी आधी सांगत नाही. माझा तरी गेला नाही. बोंबील तव्यावर पडले की चौथ्या मजल्यावर कळायचं. तोंडाला पाणी सुटायचं म्हणावं तर लाळही आटलेली, पण आत कुठेतरी सुटल्यासारखं व्हायचं. घास तोंडात घेतला की भिजलेला पुठ्ठा. डोळ्यांना बोंबील, नाकाला बोंबील, जिभेला खोकं.

मी चिडका झालो. डाळ फिरवून ठेवायची, भाकरीचा तुकडा ताटात टाकायचा, "ही काय डाळ आहे?" असं विचारायचं. डाळ तीच होती. कुंदा सकाळी माझं करून दुपारी डंकावर जायची. माझ्या जागी मशीन तीच चालवत होती. माझ्या स्टुलावर मात्र ती बसली नाही. उभीच असायची.

एक दिवस मी फिरायला म्हणून निघालो आणि पायांत जोर नाही म्हणून दहा मिनिटांत परत आलो. दार लोटलेलं. आत स्वयंपाकघरात मायलेकी उभ्यानं जेवत होत्या. खिडकी लावलेली, पंखा सुरू, ओट्यावर तळलेले बोंबील. मला बघून कुंदानं ताट पाठीमागे धरलं.

मुक्ता म्हणाली, "बाबा, तुम्हाला त्रास होतो म्हणून..."

माझ्याच घरात माझी माणसं चोरून जेवत होती. मला खूप काही बोलायचं होतं. मी म्हणालो, "खिडकी उघडा, वास कोंडतो." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. ही आजारपणातली सगळ्यात वाईट दुपार. सुयांची, मुखवट्याची कुठलीच नाही.

दिवाळीच्या आधी उपचार संपले. गाठ गेली. रेडिएशनच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता जिभेला वेळ द्या, वर्षही लागेल. प्रत्येकाची जीभ आपापल्या वेळापत्रकानं परत येते. काहींची सगळी येते, काहींची थोडी कमी." मी विचारलं, माझी कधी? त्या म्हणाल्या, "ते मला सांगता आलं असतं तर मी ज्योतिषी झाले असते."

मला मात्र फेब्रुवारीच्या आत हवी होती. सीझन लागला की बाया डबे घेऊन येणार आणि स्टूल रिकामं बघणार. जिभेशिवाय मी त्या दुकानात कोण? बटण दाबणारा. बटण तर कुंदाही दाबत होती.

चोरीचा कागद

नोव्हेंबरच्या शेवटी जेवताना मुक्ता आईला कॉलेजातली गंमत सांगत होती. आनुवंशिकतेचं प्रॅक्टिकल होतं. बारीक कागदाच्या पट्ट्या असतात, जिभेवर ठेवल्या की कडूजहर लागतात. मुलं बेसिनकडे धावत सुटली म्हणे.

मी एवढं ऐकलं, आणि तोंड कोरडं पडलं म्हणून चूळ भरायला उठलो. तिचं वाक्य अर्धं राहिलं होतं. पुढचं अर्धं असं होतं, की काहींना मात्र त्या पट्टीची चव जन्मभर लागत नाही. माझ्या आजारपणाचे पाच महिने त्या चुळेत गेले.

माझ्या डोक्यात एकच आलं. जिभेचं मीटर सापडलं. डॉक्टर सांगत नाहीत, कागद सांगेल. मुक्ताच्या पर्समध्ये पट्ट्यांची बाटली होती. मागितली असती तर तिनं दिली असती. पण बापानं मुलीकडे आपली जीभ तपासायचं सामान मागायचं? मी ती चोरली. जुन्या चष्म्यांच्या डब्यात लपवली. तिनं घरभर शोधली, मीही तिच्याबरोबर शोधली, अगदी गादी उचलून. शेवटी तिनं कॉलेजातून दुसरी घेतली.

मग दर रविवारी, दोघी बाजारात गेल्या की, मी आंघोळ करून, आरशासमोर उभा राहून पट्टी जिभेवर ठेवायचो. कागद. नुसता कागद. एक मिनिट, दोन मिनिटं. शाळेत उत्तर आलं नाही की पट्टी बसायची, इथे पट्टी ठेवली की उत्तर येत नव्हतं. कॅलेंडरवर त्या तारखेला बारीक फुली मारायचो. कुंदाला वाटायचं दूधवाल्याचे खाडे आहेत.

डिसेंबर संपला. जानेवारीत पोपटी झाली. आमच्याकडे थंडीत शेतावर मडक्यात वालाच्या शेंगा भरतात, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला घालतात, मडकं उपडं करून भोवती जाळ करतात. चुलतभावाच्या शेतावर सगळे जमले होते. मडकं फुटलं आणि तो वास आला, पाल्याचा, वाफेचा, भाजल्या वालाचा. सगळ्यांनी पत्रावळीवर हात मारला. मी एक शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला आणि चावत राहिलो. गरम होता. मऊ होता. त्यापलीकडे दाण्याला माझ्याशी बोलायचं नव्हतं. कडव्या वालाला मागे जो किंचित कडवटपणा असतो ना, जो आम्ही लहानपणापासून मिठाबरोबर खातो, त्यासाठी मी तिथं शेकोटीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसले. मला पंचपक्वान्नं नको होती. मला ते कडू हवं होतं.

पाडवा

गुढीपाडव्याला कुंदानं कडुनिंबाचा पाला वाटून, गूळ, ओवा, चिंचेचा कोळ घालून गोळी हातावर ठेवली. मी तोंडात टाकली आणि माझं तोंड वाकडं झालं.

कुंदा लगेच म्हणाली, "लागलं? कडू लागलं ना?"

आता बघा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? गुढीला नमस्कार केला असता. मी म्हणालो, "छे. हे मनाचे खेळ. साठ वर्षं तोंड वाकडं करायची सवय आहे, त्यामुळे झालं." आणि रविवारपर्यंत थांबलो. रविवारी पट्टी ठेवली. कागद. मग माझं नक्की झालं. कडुनिंब अडाणी, कागद विज्ञान. मुलगी बायॉलॉजी शिकवते त्या घरात पाल्यावर विश्वास ठेवायचा?

त्याच आठवड्यात शेजारचा मोबाइल कव्हरवाला पुन्हा गाळा मागायला आला. तो दोन वर्षं मागे होता. मी म्हटलं, अक्षय्य तृतीयेला शब्द देतो.

रात्रीच्या जेवणाला मी घरात जाहीर केलं. डंक बंद. मशीन विकायचं. गाळा कव्हरवाल्याला.

कुंदा भाकरी थापता थापता थांबली. "सीझनच्या मध्यात? कुणी सांगितलं?"

"माझ्या जिभेनं. ती येत नाही आता."

मुक्ता म्हणाली, "बाबा, मॅडम म्हणाल्या होत्या वर्षही लागेल. तुम्ही कशावरून ठरवलंत?"

मी उठलो, चष्म्यांचा डबा आणला, बाटली ताटांच्या मध्ये ठेवली. जुन्या-नव्या कॅलेंडरच्या पाच पानांवरच्या फुल्या दाखवल्या. म्हटलं, "पुरावा आहे. तुझ्याच सायन्सचा."

मुक्तानं बाटली ओळखली. मग फुल्या मोजल्या. मला वाटलं आता चोरीवरून बोलणार. ती म्हणाली, "बाबा, आजारपणाच्या आधी कधी ठेवली होती ही पट्टी जिभेवर?"

"आधी कशाला ठेवीन?"

तिनं एक पट्टी काढून आईला दिली. कुंदानं ती जिभेला लावली मात्र, पिठाच्या हातानं बेसिन गाठलं. चार चुळा भरूनही ती थुंकत होती. "विष आहे काय हे? तुम्ही हे दर रविवारी खात होतात?"

मी एक घेऊन चघळली. मिटक्या मारत खाल्ली म्हणा ना.

मुक्तानं डोकं धरलं. हसते की रडते ते कळेना. "बाबा, आणि आई गेले पंधरा दिवस काय ऐकतेय? परवा डाळीत मीठ कमी म्हणून कोण ओरडलं? चहा गोडमिट्ट झाला म्हणून कोणी ओतून दिला?"

मी म्हटलं, "मीच."

"मग बिनचवीच्या जिभेला मीठ कमी कसं कळलं?"

खरं सांगतो, भांडताना मी चवीकडे लक्षच दिलं नव्हतं. मीठ कमी आहे या रागात, मीठ लागतंय हे सुटून गेलं.

थुंकी नसलेल्या माणसाची थुंकी

पण माणूस इतक्यात मानतो थोडाच. मी म्हटलं, कशावरून आधीपासून नव्हती? कशावरून रेडिएशननंच ही एक चव कायमची नेली नाही? मुक्ता म्हणाली, तपासता येईल. जीन बदलत नाही, आजाराआधी होता तोच आजही असणार. तिची एक मैत्रीण मुंबईच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलांकडून नेमकं हेच प्रॅक्टिकल करून घेते. थुंकी पाठवायची.

नळी आली. त्यात रेघेपर्यंत थुंकायचं होतं. लाळ आटलेल्या माणसाला हे म्हणजे कोरड्या विहिरीवर हंडा घेऊन बसवणं. अर्धा तास मी लिंबाकडे बघत बसलो. कुंदानं समोर चिंचा आणून ठेवल्या. शेवटी मैत्रिणीनं फोनवर सांगितलं, राहू द्या, कापसाची काडी गालाच्या आतून फिरवून पाठवा. ते आधी सांगायला काय झालं होतं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. त्या जीनचं नाव टास-टू-आर-थर्टीएट. एमएच-४६ पासिंगच्या रिक्षावर शोभेल असं. मुक्तानं मला जेवणाच्या टेबलावर शिकवलं, आणि मी तिचा आजवरचा सगळ्यात वयस्कर विद्यार्थी असल्यामुळे हळू शिकवलं. जिभेच्या पेशींवर कडू ओळखणारी प्रथिनं असतात, पंचवीसेक प्रकारची. प्रत्येक म्हणजे एक कुलूप, त्याच्या किल्ल्या वेगळ्या. त्या पट्टीतला पदार्थ ही एका कुलपाची किल्ली. ते कुलूप कसं घडवायचं हे जीनमध्ये लिहिलेलं असतं, एक प्रत आईकडून, एक वडलांकडून. माझ्या दोन्ही प्रतींत तीन ठिकाणी मजकूर वेगळा निघाला. कुलूप बसतं, पण त्या किल्लीला फिरत नाही. जन्मापासून. पुष्कळांचं असं असतं, त्यात आजार काही नाही.

"म्हणजे वडलांकडूनही आली ती?" मी विचारलं.

"एक प्रत त्यांची. बाकी त्यांची दुसरी प्रत कशी होती, कोण जाणे."

आयुष्यभर ज्यांची जीभ म्हणून मिरवली, त्यांच्याकडून मला पोहोचली ती ही न फिरणारी प्रत. मुक्ताला कळलं असावं. ती म्हणाली, "बाबा, मिठागराच्या पाण्याचं कडू वेगळं. त्याचं कुलूप दुसरं. ते आपण तपासलेलं नाही."

"ते आहे का माझ्याकडे?"

"पाडव्याला तोंड कुणाचं वाकडं झालं होतं?"

"ते तर कडुनिंबाचं."

"मग निदान एक तरी कुलूप चालतंय ना."

कुंदा इतका वेळ कोथिंबीर निवडत होती. ती म्हणाली, "हे कोबीचं पण असतं का गं?"

मुक्ता म्हणाली, हो, काहींना याच कुलपामुळे कोबी कडवट लागतो.

कुंदानं माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं ती कोबी कडू लागतो म्हणत आली आणि तीस वर्षं मी नखरे म्हणत आलो. एकदा तर पाहुण्यांसमोर तिच्या ताटात मुद्दाम दोन डाव वाढले होते. तिनं ते गिळले होते, पाणी पीत पीत. मी म्हटलं, "चुकलो." ती म्हणाली, "सगळंच आजच नका कबूल करू, उद्याला राहू द्या काही."

ती चव कशी असते, हे मी तिला नंतर बऱ्याचदा विचारलं. कारल्यासारखी? नाही. मेथीसारखी? नाही. औषधाच्या गोळीसारखी? थोडीशी, पण नाही. शेवटी ती कंटाळली. जी चव मला हवी होती ती कशी असते हेसुद्धा मला कधी कळणार नाही. बाकीच्या हळूहळू येतायत, आधी खारट आलं, मग आंबट, गोड अजून लंगडतंय. येणाऱ्यांपेक्षा ही कधीच न आलेली जास्त आठवते. आठवते तरी कसं म्हणावं?

स्टूल

कव्हरवाल्याला मी नाही म्हणून सांगितलं. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी डंकावर गेलो. जिभेचा अर्धा भाग अजून झोपलेला, आणि मिरची हे प्रकरण तर निराळंच. तिखट ही चव नाहीच, ते दुखणं आहे, असं मुक्ता सांगते, आणि माझं तोंड अजून त्या दुखण्याला घाबरतं. पण बायांसमोर फजिती झाली तर पुन्हा स्टुलावर बसायचं तोंड राहणार नाही, ही भीती मिरचीपेक्षा मोठी.

बाकड्यावर रोडपालीच्या हिराबाई होत्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर डबा घट्ट धरलेला. माझी एकाच बाजूला उगवलेली मिशी बघून काही बोलल्या नाहीत, हे त्यांच्या मानानं खूप झालं. पहिला घाणा निघाला. कुंदा मशीनपाशी हात पुसत उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे बघतच होती.

मी चिमूट तळहातावर घेतली. जिभेच्या टोकाला लावली. आधी नुसती आग. डोळ्यांत पाणी आलं, मी मिटले. थांबलो. आगीच्या मागून, फार लांबून, काहीतरी आलं. खारट नव्हतं. मातीसारखं, पावसाळी लाकडासारखं, आणि त्याच्या कडेला बारीक कडवट. वर्षभरात पहिल्यांदा मसाला माझ्याशी बोलला. मला मोठ्यानं रडायचं होतं. पण स्टुलावर बसल्यावर काय बोलायचं असतं ते मला ठाऊक होतं.

मी डोळे उघडले आणि म्हणालो, "हिराबाई, दगडफूल जरा कमी पडलंय."

कुंदानं तोंडावर पदर घेतला. हिराबाईंनी डब्याचं झाकण शांतपणे लावलं.

"वीस वर्सं तुमी मना ह्येच बोलता, दत्ताशेट. मी घरी जाऊन कवा चिमटीभर वाढवलं नाय. यंदा तुमी नव्हता तवा माज्या सुनेचा मसाला वहिनीनं कुटला, कोनी चाटला पन नाय, चांगला झाला. आता बटन दाबा, माजी रिक्षा थांबलीय."